पाटीत न उरलेलं

बोकशीची कोळंबी. ठाणे खाडीत ओढीच्या पाण्यात लावलेलं ते पिशवीसारखं जाळं. ओहोटी जे देईल ते. 'खाडीची आहे' म्हटलं की वाट्याचा भाव चढायचा. आता त्याच शब्दांनी गिऱ्हाईक पुढे सरकतं. म्हणून विकणारी आधीच सांगून टाकते, "समुद्राची हाय, बघा."

पाळणाघर. कोळंबी अंडी घालते समुद्रात, लाखांनी. नॉप्लियस, झोइया, मायसिस अशी रूपं पालटत, दोन-तीन आठवड्यांनी नखाएवढं पिल्लू भरतीबरोबर आत शिरतं. काही महिने तिवरांच्या आडोशाला वाढायचं, मग परत बाहेर. नेमकं या पाळणाघराच्या पूर्व काठाला १९६०च्या दशकापासून ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा उभा राहिला.

कात. वाढायचं तर कवच टाकावं लागतं. कारखान्यांच्या सांडपाण्यातून येऊन कवचात बसलेला थोडा धातूही त्याबरोबर सुटतो. सुटून जातो कुठे? त्याच गाळात, जिथे ती चरते.

डोक्यांचं कालवण. माझ्या लेखी सगळ्यात मोठं नुकसान हे. डोकी ठेचायची, रस गाळून घ्यायचा, आगळ घालून उकळायचा. बोटं चाटायची गोष्ट. पण कोळंबीची पाचक ग्रंथी डोक्यातच असते, आणि धातू साठतो तो मुख्यतः तिथे. तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं तांबं असतं, जस्तही तिला लागतं; त्यामुळे तांबं-जस्त एका मर्यादेपर्यंत आवरायचं तिला जमतं. कॅडमियम आणि शिसं तिच्या कामाचं नाही, म्हणून ते आवरायची तशी सोय नाही. तेव्हा डोकं टाका, मांस खा, हा सल्ला कॅडमियमपुरता ठीक. पाऱ्याचं उलटं. गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो मांसातच मुरतो. धुतल्याने, शिजवल्याने जात नाही.

कालवं. पाणी गाळून खातात, जागा सोडत नाहीत, कातही टाकत नाहीत; म्हणजे धातू टाकायची ती वाटही नाही.

निवटी. ही मासळी चिखलावर अजून उड्या मारते. खाणारे कमी झाले.

पाऱ्याचे घट. मिठाच्या पाण्यातून कॉस्टिक सोडा काढायची जुनी पद्धत. देशभर मोडीत निघाली. या यादीतली ही एकच गोष्ट जिच्यासाठी कुणी हळहळत नाही. तिने सांडलेला पारा मात्र खाडीच्या गाळाच्या थरांत आहे. उपसा केला की ढवळून वर येऊ शकतो.

खाडीकडे पाठ फिरवणं. हेही गेलं म्हणायचं. २०२२ मध्ये खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. फ्लेमिंगोंसाठी गर्दी होते, कॅमेरे लागतात. पाटीकडे कुणाची लेन्स वळत नाही.

परवा बाजारात एका मावशीने पाटीच्या कडेला बारीक, करड्या कोळंबीचा एकच वाटा लावला होता. "कुठली, मावशी?" मी विचारलं. तिने वाट्यावर पाणी शिंपडलं आणि भाव सांगितला.