तहान कुणाची किती?

अर्थशास्त्राच्या इतिहासात आपला एक माणूस उभा आहे. त्याला नाव नाही. तो एक शब्दही बोलत नाही. कुणीतरी लांबून त्याच्याकडे बोट दाखवतं, आणि गोष्ट पुढं सरकते. मित्रांनो, मला त्या माणसाविषयी लिहायचं आहे. अर्थशास्त्र म्हटलं की आपली पोरं पान उलटतात. उलटू नका. बाबासाहेबांचं पहिलं शास्त्र तेच. कोलंबियात ते तेच शिकले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची १९२३ ची डी. एस्सी. त्यांनी मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. मग आपण का बिचकायचं?

मी वाशिंदहून लोकलनं कल्याणला कॉलेजला जायचो. तिथं पहिल्याच वर्षी ‘उपयोगिता’ भेटली. वस्तूत माणसाची गरज भागवण्याची जी शक्ती असते ती उपयोगिता. चांगलं-वाईट हा सवाल नाही. दुधाला उपयोगिता आहे, तशी दारूलाही आहे. मग नियम आला. तहानलेल्या माणसाला पाण्याचा पहिला पेला अमृत लागतो, दुसरा बरा लागतो, तिसरा कसाबसा जातो, चौथा नको होतो. वस्तू हाती वाढत गेली की पुढच्या नगाची उपयोगिता घटत जाते. याला म्हणायचं घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम. १८७१ साली इंग्लंडात जेव्हन्स आणि व्हिएन्नात मेंगर, दोघांनी आपापल्या वाटेनं यावरच किमतीचं शास्त्र उभं केलं. त्याच्या कितीतरी आधी, १७७६ साली, ॲडम स्मिथनं एक कोडं घालून ठेवलं होतं. पाण्यावाचून जीव जातो तरी पाणी स्वस्त, हिऱ्यावाचून काही अडत नाही तरी हिरा महाग, असं का? आता उत्तर मिळालं. किंमत ठरते शेवटच्या नगावर. पाणी मुबलक, म्हणून शेवटच्या पेल्याला मोल नाही.

पाणी मुबलक. आमच्या शहापूर तालुक्यात ते खरंच मुबलक आहे! तानसा धरण १८९२ चं. पुढं भातसा झालं. मुंबई रोज पिते त्यातलं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसेचं. ती नदी आमच्या वाशिंदवरून खाली जाते. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर २०२४ च्या उन्हाळ्यातही बाया हंडे मांडून टँकरची वाट बघत होत्या. तिकडं शेवटच्या बादलीनं मोटार धुतात. इकडं पहिल्याच हंड्याचा पत्ता नाही.

पण पाणी नसणं वेगळं, आणि असून न मिळणं वेगळं. आईचं माहेर मुरबाडकडचं. तिच्या लहानपणी तिकडच्या विहिरीला आपल्या माणसानं हात लावायचा नाही. हंडा खाली ठेवायचा, लांब बसायचं. कुणाला वाटलं तर तो वरून ओतणार. विहीर काठोकाठ, आणि ही पोर दुपारपर्यंत उन्हात बसलेली. पुस्तकातला तहानलेला माणूस पेले मोजत होता. आई माणसं मोजायची. आता येणारा ओतील का, का त्याच्या मागचा?

तिला सहीसुद्धा येत नव्हती. एका रात्री ती तांदूळ निवडत होती, तेव्हा मी तिला हा नियम सांगितला. म्हटलं, पहिल्या हंड्याचं मोल सगळ्यात जास्त, मग कमी कमी होत जातं, असं शास्त्र आहे. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, “मंग ज्याच्या घरी येक बी हंडा नाय त्याला आधी द्या म्हनावं. ज्याच्याकडं धा हायेत, त्याचा येक गेला तर काय मरतो का तो?”

केंब्रिजच्या पिगूनं १९२० साली जाडजूड ग्रंथात हेच मांडलं होतं. श्रीमंताला एका रुपयाची उपयोगिता कमी, गरिबाला जास्त. तो रुपया तिकडून इकडं आला, आणि देशाचं एकूण उत्पन्न घटलं नाही, तर समाजाचं कल्याण वाढतं.

मग हा विचार गेला कुठं? आमच्या पुस्तकात घटती उपयोगिता होती, आईनं काढलेला निष्कर्ष नव्हता. तो कापला गेला. कापणारा लायोनेल रॉबिन्स, बाबासाहेब जिथं शिकले त्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्राध्यापक. १९३२ साली त्यानं सांगितलं की एका माणसाचं समाधान दुसऱ्याच्या समाधानाशी ताडून बघायचं शास्त्रीय माप आपल्याकडं नाही. तेव्हा गरिबाला जास्त सुख होतं वगैरे शास्त्राच्या नावानं बोलू नका.

१९३८ च्या एका लेखात त्यानं आपल्या वाचनात आलेली गोष्ट सांगितली. हिंदुस्थानातला एक अधिकारी एका ब्राह्मणाला बेंथमचं तत्त्वज्ञान समजावून देत होता. सुखाची बेरीज करायची आणि त्यात प्रत्येक माणूस सारखा धरायचा. ब्राह्मण म्हणाला, हे बरोबर असूच शकत नाही. तिथं तो अस्पृश्य दिसतो ना, त्याच्यापेक्षा सुख भोगायची माझी ताकद दहापट आहे.

हाच तो आपला माणूस. अधिकाऱ्यानं त्याला विचारलं नाही, ब्राह्मणानं तर नाहीच नाही, आणि लेखातही तो गप्पच राहिला. बाबा, तुझी तहान किती?

रॉबिन्सला त्या ब्राह्मणाचा पुळका नव्हता. तसं त्यानं स्पष्ट लिहिलं आहे. त्याचं म्हणणं एवढंच की मी सगळी माणसं सारखी धरतो, ब्राह्मण उतरंड धरतो, आणि आमच्यात कोण खरा हे शास्त्रानं सिद्ध करून दाखवता येत नाही. समता हे नीतीचं गृहीत आहे, मोजमापाचा निकाल नाही.

वाचलं तेव्हा शिवी तोंडात आली. पण दोस्तांनो, नीट बघा. त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. माझी तहान तुझ्या तहानेइतकीच आहे हे कुठल्या तराजूवर दाखवणार?

उरलेलं अर्धं आपण बोलायचं. शास्त्र म्हणालं, आम्ही माणसामाणसांची तुलना करत नाही. पण तुलना थांबली नाही. जात ती करतच होती, बाजारही करत होता. उपयोगिता मोजायची सोडून शास्त्रानं फक्त पसंतीक्रम धरला. १९३४ साली हिक्स आणि ॲलन यांनी तो समवृत्ती वक्रांवर मांडला. १९३८ साली सॅम्युएल्सन म्हणाला, माणसाच्या मनात शिरायचं कारण नाही, तो काय विकत घेतो ते बघा. म्हणजे वाण्याची वही बघा. आमच्या नावावर त्या वहीत वर्षानुवर्षं कणी लिहिलेली होती. भात लावणारा बाप, कापणारा बाप, आणि घरात कणी. हां, ऐपत बघूनच पसंती वाचायची, हे शास्त्रालाही मान्य आहे. पण ऐपत अशी का, हा सवाल त्या पानावर येत नाही. आणि मागणी म्हणजे काय? इच्छा, अधिक ऐपत, अधिक पैसे मोजायची तयारी. विहिरीजवळ बसलेल्या पोरीकडं इच्छा होती. बाकी काही नव्हतं. म्हणजे तिची तहान ही मागणीच नव्हे.

हे पुस्तकातच राहतं असं समजू नका. आम्ही काही पोरं वस्तीतल्या नळासाठी एका कार्यालयात गेलो होतो. टेबलामागच्या साहेबानं फाइल चाळली आणि म्हणाला, “तुमच्या वस्तीतून मागणी दिसत नाही.” आम्ही चौघं त्याच्यासमोर उभे होतो.

आता महाड आठवा. २० मार्च १९२७. चवदार तळ्याच्या त्या ओंजळभर पाण्याची उपयोगिता किती? नुसती तहान धरली तर जवळपास काहीच नाही. ते पाणी मिळालं नाही म्हणून आपण मेलो नव्हतो, हे त्याच वर्षी डिसेंबरातल्या परिषदेत बाबासाहेबांनीच सांगितलं. तळ्यावर जायचं ते आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे ठरवायला. पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांनी मार खाल्ला. कुठल्या वक्रावर हा बिंदू बसतो? त्याच महाडात मेलेल्या ढोराचं मांस सोडा असं सांगणं झालं, आणि गावोगाव लोकांनी ते सोडलं. पोटात आग असताना सोडलं. उपयोगिता होती त्याला. भुकेला माणूस ते उगीच खात नव्हता. तरी सोडलं. आपली पसंती काय असावी, हे त्यांनी स्वतः ठरवलं.

रॉबिन्स म्हणतो समता सिद्ध करता येत नाही. महाड म्हणतं, ती सिद्ध करायची नसते, ठरवायची असते आणि मग वागून दाखवायची असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं की राजकारणात प्रत्येक माणसाचं मूल्य एक धरलं जाईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारलं जात राहील. मतपेटीत आईची गणती एक. हंड्याच्या रांगेत ती एक नव्हती. लढाई तिथं आहे.

म्हणून एक काम सांगतो. आपापल्या वस्तीत एक वही घाला. पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडं लिहा, या घरानं महिन्यात काय विकत घेतलं. उजवीकडं लिहा, मिळत असतं तर काय घेतलं असतं. आमच्याकडं सुरुवात केली तेव्हा डावी बाजू पटापट भरली. उजवीकडं बाया गप्प बसायच्या. हवं ते मागायचीच सवय नव्हती. मग एक म्हातारी म्हणाली, “लिव. दाराशी नळ. आनि पोरीला धाव्वीच्या फुडं साळा.” त्यानंतर पेन्सिल पुरेना. पुढच्या वेळी साहेबानं मागणी दिसत नाही म्हटलं की उजवीकडची पानं त्याच्या टेबलावर ठेवा, आणि त्यावर पोच घेतल्याशिवाय उठू नका.