दोन कंस

आपल्या शाळेच्या ग्रंथालयांतील पुस्तकांची देवघेव नोंदविण्यासाठीं एक लहानसा प्रोग्राम स्वतः तयार करावा, असें गेल्या वर्षीं माझ्या मनानें घेतलें. पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम ह्या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं जगापुढें आणली. खिडक्या, बटनें व लिहिण्याच्या चौकटी पडद्यावर मांडणारें टिकिंटर नांवाचें साधन तिच्यासोबत विनामूल्य मिळतें. वर्गांत तें मी शिकवीत होतोंच. तेव्हां काम अगदीं सोपें वाटलें.

पहिली अडचण मांडणीची आली. मीं बटन तयार केलें, परंतु पडद्यावर तें दिसेना. वस्तु निर्माण करणें निराळें व तिला जागा देणें निराळें, हें मुलांना सांगणारा मी स्वतःच विसरलों होतों. जागा देण्याच्या मुख्य रीती दोन. ट्रंकेंत कपडे भरावे तशा वस्तू एकमेकींस लागून रचणारी ती 'पॅक'. आणि हजेरीपटाप्रमाणें आडव्या-उभ्या ओळी पाडून प्रत्येकीस तिचें घर नेमून देणारी ती 'ग्रिड'. एकाच चौकटींत दोन्ही रीती वापरल्या तर प्रोग्राम तक्रार करून थांबतो. माझाहि थांबला. मग मीं खिडकीचे दोन भाग पाडून प्रत्येकांत एकच रीत ठेवली व त्यांस तात्पुरते निरनिराळे रंग दिले. कोणता भाग कोठवर पसरला आहे हें रंगांमुळें तत्काळ कळलें आणि मांडणी जुळली.

दुसरी अडचण मात्र मनाला लागली. नोंदवहींत रोज सकाळीं एक कोरी ओळ आढळूं लागली. संगणक सुरू करण्याचें काम आठवींतील एका मुलाकडे होतें. हा खोडसाळपणा त्याचाच, असें ठरवून मी सर्वांदेखत त्याला रागें भरलों. तो खालीं मान घालून एवढेंच म्हणाला, "सर, मीं कांहीं केलें नाहीं. बटन दाबून कांहींच होत नाहीं, म्हणून आम्ही एंटरच दाबतों." मीं त्यास सबब समजलें.

त्या सायंकाळीं तें वाक्य कांहीं केल्या मनांतून जाईना. मीं प्रोग्राम उघडला आणि नोंद साठविणाऱ्या भागाच्या आरंभीं 'येथें आलों' असे शब्द छापण्याची एक ओळ घातली. प्रोग्राम सुरू करतांच, खिडकी दिसण्यापूर्वींच, ते शब्द छापले गेले! बटनास काम नेमून देतांना मीं त्या कामाच्या नांवापुढें दोन कंस लिहिले होते. नुसतें नांव लिहिलें तर 'दाबल्यावर हें कर' असा अर्थ होतो. कंस दिले कीं 'आतांच कर' असा होतो. त्यामुळें प्रोग्राम उघडतांच एक कोरी नोंद होई आणि पुढें बटनाकडे कांहीं कामच उरत नसे. एंटर कळीला तेंच काम कंसांवांचून नेमलें होतें, म्हणून ती चाले. मुलाच्या एका वाक्यांत सारें निदान होतें. मीं तें ऐकलें नव्हतें.

१९६४ सालीं स्थापन झालेल्या वरणगांवच्या आयुधनिर्माणींत आपल्यांतील कित्येक पालकांनीं काम केलें आहे. माप चुकीचें आलें तर मापण्याचें साधनहि तपासून पाहावें, हें त्यांस सांगावयास नको. मीं मात्र माझें साधन न तपासतां मुलास दोषी ठरविलें.

दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गासमोर मीं माझी चूक सांगितली व त्याची क्षमा मागितली. क्षणभर सारा वर्ग स्तब्ध होता. मग त्यानें हळूच विचारलें, "सर, ते कंस मी काढूं का?"

मी खुर्चीवरून उठलों व त्याला बसविलें. त्यानें दोन कळा दाबून दोन्ही कंस पुसले. त्या दिवसापासून कोरी ओळ पुन्हां आढळली नाहीं.