दाढेची कळ

दाढेची कळ उठली की यंत्राची कळ दाबायची, असा आपणा रोग्यांचा सरळ हिशेब! दंतवैद्यकी शिकणारी माझी भाची मात्र म्हणते, "मामा, कळ केव्हा दाबू नये, हीच आमची खरी परीक्षा."

न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स १८९६ पासून दातांचे क्ष-किरण फोटो काढीत. किरणांचा जोर ते स्वतःचा हात पुढे धरून अजमावीत. त्यापायी आधी बोटे गेली, मग हात गेला. म्हणून आता शिकवतात: रोग्याच्या तोंडातली फिल्म आपण धरू नये, सहा फूट दूर उभे राहावे, गरजेवाचून फोटो काढू नये. पाठ करायला सोपे! पण बाहेर रांग, खुर्चीत रडणारे पोर. अशा वेळी हात आवरणे कठीण.

तेव्हा वाचकहो, "आज फोटोची गरज नाही" म्हणणारा डॉक्टर भेटला, तर यंदाची पहिली चकली त्याला द्या!