शून्याच्या आसपास

उणे वीस अंशांत सायकल चालवणं सोपं असतं, असं ओउलूत राहणाऱ्या त्या पन्नाशी ओलांडलेल्या मराठी सायकलस्वाराचं ठाम मत आहे. पुण्यातल्या नातेवाइकांना ही थट्टा वाटते. पण फिनलंडच्या उत्तरेला, बोथनियाच्या आखातावर वसलेल्या या गावात कुणी त्याच्याशी वाद घालणार नाही. उणे वीसला रस्त्यावर दबलेला बर्फ कोरडा असतो, टायरखाली करकरतो आणि वळणावर चाकाला धरून ठेवतो. थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो.

घाबरायचं ते शून्याला.

वितळणबिंदूच्या खालीही बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा पातळ थर असतो, हे मायकेल फॅरडेनं १८५० सालीच मांडलं होतं. पारा शून्याकडे सरकतो तसा हा थर जाड होत जातो. पण त्या माणसाला निसरडेपणाचंही फारसं काही वाटत नाही, त्यासाठी खिळ्यांचे टायर आहेत. त्याचं खरं वैर चराशी आहे. दुपारी बर्फ मऊ होतो, त्यात चाकं आणि बूट रुततात, रात्री ते सगळे ठसे दगडासारखे गोठतात आणि पहाटे वरून चिमूटभर भुरभुरीत बर्फ पडून ते झाकले जातात. पुढचं चाक अशा चरात तिरकं शिरलं की चराच्याच वाटेनं जातं, अंग मात्र सरळ जात राहतं. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. पुढचं गेलं की कळतं ते जमिनीवर आपटल्यावरच.

या चरापायी त्यानं अनेक हिवाळे खर्ची घातले. टायरमधली हवा कमी करून पाहिली, सीट खाली घेतली. खिळ्यांच्या दोन रांगांचा टायर काढून चार रांगांचा बसवला, कारण चराची भिंत लागते ती टायरच्या कडेला आणि दोन रांगांच्या टायरला तिथे खिळेच नसतात. फरक पडला, पण पुरेसा नाही. जाडजूड फॅट टायरवाले त्याला भेटतात तेव्हा आपल्या चाकांचं कौतुक सांगतात. जंगलातल्या मोकळ्या बर्फावर ती चाकं उत्तम चालतात, हे तो मान्य करतो. गोठलेल्या चरावर मात्र तीही भरकटतात, आणि हे त्या मंडळींनी कधी कबूल केलेलं त्याला आठवत नाही. बिनखिळ्यांनी हिवाळा काढण्यात मर्दुमकी मानणाऱ्यांबद्दल तर त्याला बोलायचंही नसतं.

शेवटी उरतात ते हात. हँडल सैल धरायचं, म्हणजे पुढचं चाक थोडं नाचतं आणि आपोआप चरातून बाहेर पडतं. प्रत्येक जुन्या सायकलस्वाराला हे ठाऊक असतं, आणि चाक हललं रे हललं की प्रत्येकाची मूठ आवळलीच जाते. त्याचीही आवळली जायची.

दोन गोष्टी गेल्या हिवाळ्यात जोडीनं आल्या. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांधा दुखू लागला, आणि विद्यापीठात शिकायला आलेली नागपूरची एक मुलगी त्याच्याकडे बर्फातली सायकल शिकू लागली. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "काका, तुम्ही हँडल धरतच कसं नाही? नुसते हात ठेवता!"

"सवय लागते गं," तो म्हणाला. अंगठा आवळला की कळ येते, म्हणून मूठ मिटत नाही, हे त्यानं सांगितलं नाही. एवढ्या वर्षांच्या खटाटोपानं न साधलेली गोष्ट दुखण्यानं साधून दिली, आणि त्या मुलीच्या नजरेत ते कसब ठरलं. ती नजर त्याला फार आवडली. अजूनही आवडते. बाहेर निघण्यापूर्वी ती त्याच्या हातांकडे पाहील याची तो वाट पाहतो, हेही खरं आहे.

शिकवताना मात्र नजर कामाला येत नाही. 'सैल धर' म्हटल्यावर ती धरते, पहिल्या चरापर्यंत. मग त्यानं तिला अंगठे हँडलच्या वर, बोटांच्याच बाजूला ठेवायला लावलं. पायाच्या ब्रेकची जुनी फिनिश सायकल तिला मिळाली होती, त्यामुळे थांबायला हातांची गरज नव्हती. मोकळ्या पार्किंगमध्ये, चालण्याच्या वेगानं, तिरक्या चरांवरून पुन्हापुन्हा. हळूहळू तिचं चाक नाचू लागलं.

ओउलूत सायकलींचे ९०० किलोमीटरहून जास्त मार्ग आहेत. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली इथेच भरली. पाहुणे येतात, बर्फात शाळेला निघालेल्या मुलांचे फोटो काढतात. त्याला वाटतं, त्यांनी पहाटे उठून बर्फाच्या नांगराची गाडी पाहावी. इथे बर्फ पूर्ण उपसत नाहीत. दाबून, दातेरी पात्यानं खरवडून त्याचाच रस्ता करतात, वर खडी टाकतात. वसंतात त्या खडीनं टायर पंक्चर होतात, ते तो सहन करतो. हेलसिंकीत काही मार्ग ब्रशनं झाडून त्यांवर मीठ टाकतात. काळं डांबर दिसतं आणि लोक खूश होतात. पण साखळी आणि केबल खाणारं ते मीठ त्याला मुळीच पसंत नाही, आणि कडक थंडीत ते काम करत नाही ते वेगळंच.

पण कडक थंडीच कमी होत चालली आहे. जगाच्या सरासरीच्या साधारण दुप्पट वेगानं फिनलंड तापतो आहे. पूर्वी नोव्हेंबरात पडलेला बर्फ टिकायचा. आता भर जानेवारीतही छपरं गळतात, आणि रात्री पुन्हा गोठतं. म्हणजे चर वाढणार. म्हणून त्याचा आग्रह आहे की बर्फ वितळतो त्या दिवशी नांगर पहाटेची वाट पाहत थांबू नये, संध्याकाळीच फिरावा, बर्फ मऊ आहे तोवर चर खरवडून टाकावेत. हे त्यानं नगरपालिकेला लिहायचं ठरवलं आहे. पत्राचं फिनिश ती मुलगी तपासून देणार आहे, तिचं व्याकरण त्याच्यापेक्षा चांगलं आहे.