न सांगितलेले कारण

गृहपाठ राहिल्याबद्दल किंवा चाचणी बुडाल्याबद्दल विद्यार्थी शिक्षकाला जे सांगतो, त्याला शाळेत सरसकट ‘सबब’ म्हटले जाते. वास्तविक घडलेल्या गोष्टीचा उलगडा करते ते कारण आणि जबाबदारी टाळण्यासाठी पुढे केली जाते ती सबब, आणि एकच वाक्य एका मुलाच्या तोंडी कारण तर दुसऱ्याच्या तोंडी सबब ठरू शकते. शिक्षकाची खरी कसोटी या दोहोंतला भेद ओळखण्यात आहे, असे सामान्यतः मानले जाते. वरोरा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या प्रस्तुत लेखकाचीही बरीच वर्षे हीच समजूत होती.

या भागात शाळेच्या वेळापत्रकाला शेताचे आणि जंगलाचे वेळापत्रक सतत छेद देत असते. प्रथम सत्राची परीक्षा येते तेव्हा सोयाबीनची सोंगणी चालू असते, दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू होते, आणि वार्षिक परीक्षेच्या सुमारास जंगलालगतच्या गावांत मोहफुले पडू लागतात. ही फुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्याआधी, जनावरांनी खाण्याआधी वेचावी लागतात, त्यामुळे पहिल्या तासाला पेंगणारे मूल आळशीच असेल असे म्हणता येत नाही. ‘गाडी नाही आली जी सर’ हे वाक्यही असेच आहे. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा या वाक्यावर कोणी शंका घेतली नाही, कारण गाडी येत नसल्याचे सर्वांनाच दिसत होते. संप मिटल्यावर मात्र त्याच वाक्यासाठी पुन्हा पुरावा मागितला जाऊ लागला, मग त्या दिवशी गाडी खरोखर आलेली नसली तरी.

लेखकाची समजूत बदलली ती दहावीच्या एका वर्गात, प्रयोगवह्या जमा करण्याच्या दिवशी. एका मुलीने आजी दवाखान्यात भरती असल्याचे नीट, डोळ्याला डोळा भिडवून सांगितले आणि तिला आठ दिवसांची मुदत मिळाली. एक मुलगा मान खाली घालून ‘राहून गेली जी सर’ एवढेच म्हणाला आणि त्याचे गुण कापले गेले. पुढच्या प्रात्यक्षिकात त्याने परीक्षानळी उजेडात धरली, तेव्हा नखांभोवतीचे बारीक, वाळून काळे पडलेले ओरखडे लेखकाच्या नजरेस पडले. वाळलेल्या बोंडाची टोकदार पाकळी बोटांना कशी लागते, हे कापूस पिकवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला विचारावे लागत नाही. बऱ्याच वेळाने मुलाने सांगितले की वेचणीची मजुरी किलोमागे मिळत असल्याने तो आईबरोबर दिवसभर शेतात होता.

या प्रसंगात खोटे कोणीच बोलले नव्हते. मुलीची आजी खरोखरच आजारी होती. चूक फसवले जाण्याची नव्हती, तर सांगता येणे ही सवलतीची किंमत होऊन बसली होती, आणि ज्याला घरची ओढाताण चारचौघांत उघडी करणे लाजिरवाणे वाटत होते त्याच्याकडे ती किंमत नव्हती. सर्वांना एकच माप लावणे म्हणजे समानता आणि प्रत्येकाची अडचण जमेस धरणे म्हणजे समन्याय, असा भेद शिक्षणशास्त्रात केला जातो; परंतु अडचण जमेस धरण्यापूर्वी ती सांगण्याची सक्ती केली, तर समन्यायही बोलक्या मुलांच्याच वाट्याला येतो.

वरोऱ्याच्या मातीत या प्रश्नाचे एक उत्तर आधीच होते. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीचे आनंदवन बाबा आमटे यांनी उभारले ते दयेच्या नव्हे तर श्रमाच्या आधारावर: माणसाला आधार द्यावा, पण त्याला हात पसरायला लावू नये आणि त्याच्याकडून कामाची अपेक्षाही सोडू नये, हा त्या उभारणीचा गाभा आहे.

याच धाग्याने लेखकाने आपल्या विषयापुरता एक नियम केला. मंडळाची लेखी परीक्षा शिक्षकाच्या हाती नसते, पण अंतर्गत मूल्यमापनाच्या कामात, म्हणजे वर्षभरातील वह्या, प्रकल्प आणि चाचण्यांत, प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रात दोनदा आठ दिवसांची मुदत मागता येते, कारण न सांगता. काम मात्र पूर्ण करावेच लागते आणि त्यात सूट नसते. तिसऱ्यांदा वेळ आली तर शिक्षक मुलाशी एकांतात बोलतो, गरज पडल्यास घरी जातो. काही मुले ही मुदत क्रिकेटच्या सामन्यासाठी वापरतात, हे लेखकाला ठाऊक आहे. तो तोटा त्याने पत्करला आहे, कारण एका खऱ्या अडचणीला मान खाली घालून शिक्षा भोगावी लागणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. शिवाय प्रत्येक सबबीची शहानिशा करण्यात जाणारा वेळ आता खरोखर खचलेल्या मुलाजवळ बसण्यासाठी मिळतो.

मुदतीची नोंद टेबलावरच्या एका वहीत मुले स्वतः करतात. त्या मुलाने पुढच्याच महिन्यात, वेचणी चालू असताना, त्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहिले, तारीख लिहिली आणि मान वर ठेवून तो जागेवर जाऊन बसला. त्या वहीत कारणाचा रकानाच नाही.