शेवटी आलेला पाठ

पाठचिकित्सा हा विषय साहित्याच्या विद्यार्थ्यांना बहुधा रुक्ष वाटतो. पाठभेद, प्रक्षेप, हस्तलिखितांची वंशावळ हे शब्द परीक्षेपुरते येतात आणि जातात. आम्हांस मात्र या विषयाची गोडी जितकी ग्रंथालयात लागली, तितकीच एका संगणकीय खेळाच्या फोल्डरात लागली.

खेळ 'स्कायरिम'. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने तो नोव्हेंबर २०११ मध्ये प्रकाशित केला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यात बदल करण्याचे साधनही खेळाडूंच्या हाती दिले. तेव्हापासून लोकांनी त्यात गावे, पात्रे, कथानके, हवामान अशी अमाप भर घातली आहे. या भरीला 'मॉड' म्हणतात. मूळ संहिता एक, प्रक्षेप हजारो, आणि प्रत्येकाची प्रत निराळी!

मॉड बसवण्याच्या रीती दोन. पहिली हाताने बसवण्याची. झिप फाइल उलगडायची, आतले फोल्डर खेळाच्या 'डेटा' फोल्डरात टाकायचे, आणि 'या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का?' या प्रश्नाला होकार द्यायचा. मूळ खेळाच्या चित्रफायली मोठ्या गठ्ठ्यांत बांधलेल्या असल्याने त्यांना सहसा धक्का लागत नाही. परंतु आधीच्या मॉडची त्याच नावाची फाइल नाहीशी होते. पुढे नवे मॉड काढून टाकले, तरी जुने परतत नाही. खरवडलेल्या पानावर नवी अक्षरे लिहिण्याचाच हा प्रकार.

दुसरी रीत मॉड मॅनेजरची. 'मॉड ऑर्गनायझर' प्रत्येक मॉड स्वतंत्र फोल्डरात ठेवतो आणि खेळ सुरू होताना ते सारे एकत्र असल्याचा आभास खेळापुढे उभा करतो. अग्रक्रम बदलला की दबलेला पाठ पुन्हा वर येतो. काहीच खरवडले जात नाही.

एवढ्यावर मॅनेजरचा विजय घोषित करणे सोपे आहे. परंतु खरी गुंतागुंत पुढे आहे. चित्रांच्या फायलींखेरीज मॉडमध्ये 'प्लगइन' असते. त्यात खेळातील वस्तू, जागा आणि पात्रे यांच्या नोंदी असतात. दोन प्लगइन एकाच नोंदीला हात लावतात, तेव्हा क्रमाने शेवटी येणाऱ्याची संपूर्ण नोंद ग्राह्य धरली जाते. समजा, एका मॉडने धर्मशाळेतील उजेड मंद केला आणि दुसऱ्याने तेथील संगीत बदलले. दुसऱ्याला उजेडाविषयी काहीच म्हणायचे नव्हते. तरी त्याच्या नोंदीत मूळचा लख्ख उजेड तसाच उतरलेला असतो, आणि तो शेवटी आला की मंद उजेड पुसला जातो. मौनही खाडाखोड करते, हे आम्ही येथे शिकलो.

पात्रांच्या चेहऱ्यांची गोष्ट तर याहून बोलकी. चेहऱ्याचे वर्णन प्लगइनमध्ये असते, घडवलेला चेहरा वेगळ्या फायलीत. फायलींचा क्रम एक, प्लगइनचा दुसरा. वर्णन एका मॉडचे आणि चेहरा दुसऱ्याचा अशी गाठ पडली, की पात्र काळवंडलेल्या तोंडाने समोर येते. दोन परंपरांचे पाठ न जुळवता एकत्र केले की काय होते, याचे इतके दृश्य उदाहरण वर्गात देता येणार नाही.

अशा वेळी 'एक्स-एडिट' नावाचे साधन उघडावे लागते. त्यात एका नोंदीची सर्व प्लगइनांतील रूपे शेजारशेजारच्या स्तंभांत मांडलेली दिसतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना ही मांडणी परकी वाटू नये: तेथे वर स्वीकृत पाठ, खाली पाठभेद. फरक तत्त्वाचा आहे. तेथील संपादक उपलब्ध पुराव्यातून पोहोचता येईल तितका प्राचीन पाठ शोधतात. येथे नियमच असा, की शेवटी आलेला पाठ जिंकतो. म्हणूनच येथे संपादकाची गरज अधिक. 'लूट' हे साधन प्लगइनांचा क्रम लावून देते. पण धर्मशाळेत उजेड हवा की अंधार, हे ते कसे सांगणार? त्यासाठी दोन्ही पाठ जुळवणारी छोटी पॅच फाइल आपणच करावी लागते.

हाताने बसवल्याशिवाय खेळ कळत नाही, असे म्हणणारे जुने जाणकार आहेत. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. फायली कोठे जातात हे एकदा हाताने करून पाहावेच. पण हाताच्या रीतीत निर्णय घेताक्षणी त्याचा पुरावाही नष्ट होतो, आणि ज्याचा पुरावा उरत नाही त्या निर्णयाची चिकित्सा कशी करणार? उलट, दुसऱ्याने जमवलेला शेकडो मॉडांचा तयार संच एका क्लिकवर बसवणाऱ्याजवळ सगळा पुरावा असतो, फक्त तो वाचलेला नसतो. आम्हांस पहिल्याहून दुसऱ्याची स्थिती बरी वाटते. न वाचलेले उद्या वाचता येते. खरवडलेले मात्र कोणालाच वाचता येत नाही.