यंदा आमच्या मुली जिंकतील का?

गेला दीड महिना आम्ही पाच जणी रोज संध्याकाळी रामदासपेठेत एका कंपाउंडच्या कट्ट्यावर बसतो. कट्ट्यापलीकडे सिमेंटचे बास्केटबॉलचे मैदान आहे. आमच्या मुलींच्या महाविद्यालयाचा संघ तिथे सराव करतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटते, या बाया कुणा पेशंटची वाट पाहत बसल्या आहेत. रामदासपेठेत असे वाटणे साहजिकच आहे, इथे दर चार पावलांवर एक डॉक्टर. एका ऑटोवाल्या भावाने तर थांबून विचारले, "काय करून राहिल्या मावशी इथं? ओपीडी तर कधीची बंद झाली न." आम्ही म्हटले, "बाबा, आमचे पेशंट आत धावून राहिले."

आमच्यातल्या दोघी याच भागातल्या दवाखान्यांत कामाला आहेत, एक परिचारिका आणि एक आया. एक शिक्षिका, एक बँकेत, आणि एक घरी शिलाई करते. इंदोरा, कौशल्यानगर, पाचपावली, रामबाग, जयताळा अशा पाच वस्त्यांतून आम्ही येतो. मुली एका संघात आल्या नसत्या तर आमची ओळख झाली नसती. सराव संपेपर्यंत अंधार पडतो म्हणून आम्ही यायला लागलो, हे खरे. पण आता ते निमित्तच उरले आहे. इंदोऱ्याची मुलगी इंदोरा चौकातून मेट्रोत बसून सरळ सीताबर्डीला उतरते. डिसेंबर २०२२ मध्ये तो मार्ग सुरू झाल्यापासून तिला न्यायला-आणायला कुणाची गरज नाही. तरी तिची आई रोज हजर. विचारले तर म्हणते, "घरी बसून जीव खालीवर होते, त्यापेक्षा इथं बसून झालेला बरा."

जीव खालीवर व्हायला कारणही आहे. मागच्या वर्षी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या मुली उपांत्य सामन्यात ४१-४२ अशा हरल्या. एका गुणाने! त्या सामन्यात त्यांना २२ फ्री थ्रो मिळाले होते, त्यातले ९ पडले. फ्री थ्रो म्हणजे समोर कुणी अडवायला नाही, घाई नाही, फळीपासून ४.६० मीटरवरच्या रेषेवर शांत उभे राहायचे आणि चेंडू टाकायचा. रिंगण ४५ सेंटीमीटर रुंद, मुलींचा चेंडू जेमतेम २३. म्हणजे दोन चेंडू शेजारीशेजारी जवळजवळ मावतील एवढी जागा. आमच्यातली शिलाई करणारी हे ऐकून म्हणाली, "मी सुईत दोरा ओवते बाई रोज, यांना परातीत चेंडू टाकता येत नाही?" मग एका संध्याकाळी मुलींनी तिला रेषेवर उभे केले. दहातला एकही पडला नाही, रिंगणापर्यंतसुद्धा पोचला नाही. तेव्हापासून ती गप्प बसून वहीत आकडे लिहिते. जूनमध्ये शंभरात ४४ पडत होते, गेल्या आठवड्यात ६१ पडले. यंदाची आमची सर्वांत मोठी आशा त्या वहीत आहे म्हणा ना.

दुसरी आशा पाच फूट नऊ इंचांची आहे आणि ती भंडाऱ्याहून आली. मागच्या वर्षीची आमची उंच मुलगी पदवी घेऊन गेली. तिच्या जागी टोपलीखाली कोण उभे राहणार या चिंतेत सर होते, तेवढ्यात ही प्रथम वर्षाला दाखल झाली. आजवर व्हॉलीबॉल खेळलेली. पहिले पंधरा दिवस चेंडू हातात आला की दोन्ही तळव्यांनी उडवून लावायची, सगळ्या मुली हसून लोळायच्या. आता पकडते, वळते, टाकतेही. पण तीन सेकंदांचा नियम तिच्या अंगवळणी पडलेला नाही. समोरच्या संघाच्या टोपलीखालच्या रंगवलेल्या चौकोनात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबले की चेंडू जातो. ही तिथे बसची वाट पाहत असल्यासारखी उभी राहते. आम्ही कट्ट्यावरून मोठ्याने मोजतो, "एक, दोन, निघ!" पंच काही असे मोजून सांगणार नाही.

पावसाचीही भीती. मैदान उघडे, सिमेंटवर शेवाळ धरते, मुली आधी झाडू मारतात मग खेळतात. २०२३ मध्ये तर २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी कुठल्या कुठे घरांत शिरले. स्पर्धा तोंडावर असताना त्या वर्षी आमच्या मुलींनी चेंडू सोडून हातात फावडी घेतली होती. यंदा आभाळ अजून तरी बरे वागते आहे. पुढे अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर देशभरातून माणसे येतील. ते दोन-तीन दिवस सराव होणार नाही, कारण संघातल्या निम्म्या मुली पाण्याच्या स्टॉलवर उभ्या असतात. सरांनी ते दिवस आधीच वजा करून ठेवले आहेत.

एक दिवस कौशल्यानगरची आजीसुद्धा आली. नातीचा खेळ एकदा पाहायचाच म्हणाली. ही आजी तरुणपणी याच रामदासपेठेतल्या बंगल्यांत धुणी-भांडी करायची. कट्ट्यावर बसल्याबसल्या तिने बोटाने दाखवले, तो बंगला, त्याच्या पलीकडचा, आणि जिथे आता चार मजली दवाखाना उभा आहे तो. नातीचे आखूड कपडे पाहून काही बोलेल अशी आम्हांला धास्ती होती. ती बोलली वेगळेच. "एवढ्या उंचावर टोपली टांगली कायले? हाताशी टांगली असती तर साऱ्यांनीच टाकले असते."

शिक्षिका बाईंना असे प्रश्न फार आवडतात. त्यांनी आजीला सगळा इतिहास सांगितला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या मास्तरांनी हा खेळ शोधला. हिवाळ्यात पोरांना बंद सभागृहात खेळता यावे म्हणून. त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो सज्जा दहा फूट उंच होता, म्हणून आजही रिंगण दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर. टोपलीचे बूड कापलेले नव्हते, चेंडू पडला की शिडी लावून काढायचा. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने जवळच्या स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला. पण मुलींना फार धावणे झेपणार नाही असे तेव्हा लोकांना वाटे, म्हणून मैदानाचे तीन भाग पाडले आणि जिने तिने आपल्याच भागात राहायचे. २२ मार्च १८९३ रोजी तिथल्या मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुषांना आत सोडले नव्हते. आजी म्हणाली, "हे मात्र बरं केलं." मुलींना ऑलिंपिकमध्ये हा खेळ खेळायला मिळाला तो थेट १९७६ साली, पुरुषांच्या तब्बल चाळीस वर्षांनी.

आता मूळ चिंतेकडे येतो. ती आमची कप्तान.

चण लहान, पण चेंडू तिच्या हाताला चिकटल्यासारखा. संघ कसा हलायचा ते तीच ठरवते. २४ सेकंदांत चेंडू टोपलीकडे फेकावा लागतो, त्यातल्या विसाव्या सेकंदाला सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळतात. मागच्या नोव्हेंबरात एका मैत्रीपूर्ण सामन्यात ती उडी मारून खाली आली, गुडघा आत वळला आणि कट्ट्यापर्यंत ऐकू येईल असा आवाज झाला. गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध तुटला होता. ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी जास्त होते, हे आम्हांला तेव्हा कळले. उडीवरून उतरताना गुडघे आत झुकू न देण्याचा सराव केला तर धोका कमी होतो, हेही तेव्हाच कळले. आता सराव सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे सगळ्या मुली तेच करतात. आधी कळले असते तर, हा विचार तिच्या आईने किती वेळा केला असेल ते तिलाच ठाऊक.

जानेवारीच्या मध्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या, नऊ महिने आणि नव्वद टक्के. नऊ महिन्यांच्या आत सामना खेळायचा नाही, कारण लवकर परतणाऱ्यांना पुन्हा तीच दुखापत होण्याचा धोका फार वाढतो. आणि दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे. नऊ महिने भरतात ऑक्टोबरच्या मध्यावर. स्पर्धा आहे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. आणि मुलगी शेवटच्या वर्षाला.

वाचक भगिनींनो, दहा-बारा दिवस म्हणजे काय असतात हो? पण आमच्या कट्ट्यावर त्या दहा-बारा दिवसांनी महिनाभर कुणाला सुखाने बसू दिले नाही. स्पर्धेत चांगले खेळले तर विद्यापीठाच्या संघाच्या निवड चाचणीला बोलावणे येते. त्या संघातून पश्चिम विभाग, म्हणजे गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा आणि आपल्या राज्यातल्या विद्यापीठांशी गाठ. तिथून पुढे अखिल भारतीय. राज्य सरकारने २००५ पासून नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा ठेवल्या आहेत, पण नुसते कॉलेजकडून खेळून त्या मिळत नाहीत, वरच्या पातळीवरचे यश लागते. कप्तानाचे वडील नाहीत. आई दवाखान्यात आया आहे, धाकटा भाऊ दहावीला. तेव्हा हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हता. घरात पुण्याच्या शिरीन लिमयेचे कात्रण भिंतीला लावलेले आहे. महाराष्ट्राची मुलगी भारताची कप्तान होते, हे त्या पोरीने रोज उठून पाहिलेले.

पालकांच्या संमतीचा कागद आठवडाभर आईच्या पर्समध्ये घडी घालून होता. गेल्या सोमवारी तपासणी झाली, ताकद भरली ८८ टक्के. डॉक्टर म्हणाले, माझा सल्ला तोच आहे, पुढे तुम्ही ठरवा. संध्याकाळी ती कट्ट्यावर आली, कागद काढला आणि आम्हांला म्हणाली, "तुम्ही सांगा. करू सही?"

कुणालाही बोलवेना. बँकेतल्या बाईंना वाटत होते, दोन टक्क्यांसाठी पोरीचे वर्ष कशाला घालवायचे. त्यांनी नंतर तसे कबूलही केले. पाचपावलीची आमची परिचारिका स्वतः कॉलेजात असताना खेळलेली आहे, १९९२ साली. तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असत, आतासारखे दहा-दहा मिनिटांचे चार नव्हे, आणि तीन गुणांची रेषाही आतापेक्षा अर्धा मीटर जवळ होती, असे ती नेहमी सांगते. त्या दिवशी तिने आजवर न सांगितलेले सांगितले. अंतिम सामन्याआधी तिचाही गुडघा सुजला होता. पट्टी बांधून खेळली. जिंकल्या. फोटो आहे घरी. "आणि आता वॉर्डात जिना चढताना मी आडवी चढते. तुम्ही पाहिलं नसन. मी कुणाला दिसू देत नाही."

कप्तानाच्या आईने कागद परत घडी घातला. सही केली नाही.

दोन दिवस पोरगी आईशी बोलली नाही, मैदानावरही आली नाही. सर घरी जाऊन आले. त्यांनी तिला समजावले की निवड चाचणी ऑक्टोबरच्या शेवटी आहे, तोवर नऊ महिने भरतात, आणि पदव्युत्तरला प्रवेश घेतला तर पुढच्या वर्षीही खेळता येते. संघ अंतिम फेरीत गेला तर तिची मागची कामगिरी सांगून चाचणीला नाव पाठवता येईल, नक्की काही सांगता येत नाही, पण प्रयत्न करू. म्हणजे आता तिचे सगळे इतर मुलींच्या हातात.

गुरुवारी ती आली. मैदानात गेली नाही, आमच्यात येऊन कट्ट्यावर बसली. शिलाईवाल्या मावशीच्या हातून वही घेतली आणि मागची पाने चाळली. तिच्या जागी आता द्वितीय वर्षाची एक बुटकी मुलगी खेळणार आहे. पायात वारे भरलेली, पण डावा हात नसल्यासारखी खेळते. समोरच्या संघाला हे दोन मिनिटांत कळेल. कप्तानाने थोडा वेळ पाहिले, मग न राहवून ओरडली, "डाव्यानं घे गं! उजवा हात मागं बांध!" बुटकीने खरेच उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्याने चेंडू आपटत मैदानाची लांबी पार केली. अठ्ठावीस मीटर. येताना दोनदा चेंडू सुटला. परत जाताना एकदाच.

काल ड्रॉ निघाला. पहिलाच सामना त्याच संघाशी, ज्यांनी मागच्या वर्षी एका गुणाने हरवले. हरलो की बाहेर. भंडाऱ्याच्या मुलीने ऐकले आणि विचारले, "ते लोक उंच आहेत का?" आहेत. आजीने निरोप पाठवला आहे की सामन्याला तीही येणार, तिला ऑटोने आणा. शिलाईवालीने मुलींच्या जर्सीच्या फाटक्या बगला घरी नेल्या आहेत. मध्यंतरासाठी संत्री कुणी आणायची यावर आमचे थोडे भांडण झाले, अंबिया बहार अजून आंबट आहे म्हणून. कप्तान म्हणाली, आंबट असली तरी चालतील, पण सोलून आणा, त्यांना वेळ मिळत नाही. आणि वहीत तिने आजचा आकडा लिहिला. शंभरात ६३.